फिजिकल केमिस्ट्रीचा कौल

पंचेचाळिशीत माणसाने काय करावं याबद्दल डॉक्टर बरंच सांगतात. साखर तपासावी, पहाटे चालावं, वडापाव लांबून बघावा. फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरला बसावं असं मात्र कुणी सांगितल्याचं अजून ऐकिवात नाही. तरीही मुलुंड पूर्वेच्या विद्याधर तेंडोलकरवर ती वेळ आली. ती कशी आली हे सांगितलं तर त्याला जरा लाज वाटेल, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही.

भांडुपला एका रंगाच्या कंपनीत तो चोवीस वर्षं प्रयोगशाळेत होता. डब्याचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची, आणि ओघळ कसा पडतो ते बघून रंग किती घट्ट आहे ते सांगायचं. मग यंत्र लावलं की यंत्रही निमूटपणे तोच आकडा सांगायचं. यंदा सप्टेंबरात कंपनीचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात परिपत्रक काढलं : तपासणीच्या अहवालावर सही करणारा माणूस विज्ञानाचा पदवीधरच हवा, ज्याच्याकडे तसा कागद नसेल त्याची एक एप्रिलपासून भिवंडीच्या गोदामात बदली.

विद्याधरकडे कागद नव्हता. सन दोन हजार साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तो बाकी सगळ्या पेपरांत पास होऊन एकात नापास झाला होता. फिजिकल केमिस्ट्री, पेपर दोन, शंभरापैकी सव्वीस. नोकरीच्या अर्जावर त्याने 'बी.एस्सी. (परीक्षा दिली)' असं लिहिलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. परीक्षा दिली होतीच. कंसाकडे चोवीस वर्षांत कुणी पाहिलं नाही, यात त्याचा काय दोष?

भिवंडीचं त्याला तेवढं भय नव्हतं. भय होतं नानांचं. नाना म्हणजे त्याचे वडील, धाकू तेंडोलकर, वय अठ्ठ्याहत्तर. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका दवाखान्याच्या दारात वॉचमन. तेंडोलकरांच्या घरात तोवर नववीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. निकालाच्या दिवशी 'नाना, मी नापास झालो' हे वाक्य वाटेत दहा वेळा घोकून विद्याधर घरी आला, तर नानांनी सकाळीच कोपऱ्यावरच्या पीसीओवरून गावाला फोन करून 'झील बी.एस्सी. झालो' म्हणून कळवून टाकलेलं. मुलावर एवढा विश्वास की निकालाची वाट बघायची त्यांना गरजच वाटली नाही. गावात रवळनाथाला नारळसुद्धा फुटला होता. "झालंस मां?" नानांनी दारातच विचारलं आणि विद्याधरची मान आपोआप हलली. ऑक्टोबरात गुपचूप पुन्हा बसू, असं त्याने ठरवलं. त्यानंतर ऑक्टोबर चोवीस वेळा येऊन गेला.

घरात हे फक्त त्याच्या बायकोला, शीतलला, ठाऊक होतं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्याने घाम पुसत पुसत तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "हात्तिच्या, मला वाटलं गावी आधीची बायको आहे." आणि ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

तर नेमकं याच ऑक्टोबरात विद्यापीठाने जुन्या, राहून गेलेल्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी जाहीर केली. विद्याधर अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. खिडकीतल्या बाईंनी त्याचा जुना नंबर संगणकात घातला आणि म्हणाल्या, "तुम्ही नाही आहात."

"आहे हो, हा काय समोर."

"दोन हजार पाचच्या आधीचं कुणीच नाही यात. मूळ मार्कशीट आणा."

मूळ मार्कशीट माळ्यावर होती. गणपतीच्या मखराच्या खोक्यात, तळाला. जी वस्तू वडिलांच्या नजरेला पडू नये ती कुठे ठेवावी, याचा त्याने एकेकाळी फार विचार केला होता. ती पुन्हा काढायची कशी, याचा केला नव्हता. ऑक्टोबरात मखर खाली उतरवताना नानांनी बघितलंच.

"कित्याक रे काढतंस?"

"वाळवी लागलीय का बघतो."

वाळवी म्हटल्यावर नाना स्वतः बॅटरी घेऊन हजर. मखराचा एकेक खांब त्यांनी ठोकून बघितला. वाळवी नाही हे सिद्ध व्हायला दीड तास लागला. तेवढा वेळ विद्याधर सव्वीस मार्क बनियनखाली पोटाशी धरून उभा होता.

मार्कशीट पाहून बाई म्हणाल्या, "आता मधल्या काळात तुम्ही पास झालेला नाहीत याचं प्रतिज्ञापत्र लागेल." विद्याधरला वाटलं, हे तर चेहऱ्यावरच दिसतं. पण सरकारी कामात चेहरा चालत नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने कागद चढवला आणि त्या लोकांची पद्धत असते तसं मोठ्यांदा म्हणत म्हणत टाइप केलं : "मी, विद्याधर धाकू तेंडोलकर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मी आजतागायत कोणत्याही प्रकारे पास झालेलो नाही." शेजारी भाडेकराराला आलेलं एक कुटुंब वळून त्याच्याकडे बघू लागलं. त्यातल्या आजीबाईंनी तर 'होईल हो सगळं नीट' असा हातसुद्धा केला. प्रतिज्ञापत्र, प्राचार्यांची सही, फोटोवर अर्धा शिक्का आणि अर्धा बाहेर, असं सगळं होऊन अर्ज स्वीकारला गेला तेव्हा परीक्षेला सहा आठवडे उरले होते. पेपर नव्या अभ्यासक्रमाचा असेल, हे बाईंनी पावती देता देता सांगितलं.

आता शिकवायचं कोणी? घरात केमिस्ट्री जाणणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे त्याची मुलगी श्रुतिका. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला विश्वासात घेणं भाग होतं. ती आधी दहा मिनिटं पोट धरून हसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, आता सिरियसली. रोज वीस प्रश्न. कारणं नाहीत." गेल्या वर्षीपर्यंत हे वाक्य विद्याधर तिला ऐकवायचा.

कॉलेजच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने प्रश्नसंच आणला. चारशे बारा सरावप्रश्न. उत्तरं मागे होती, पण फक्त विषम क्रमांकांची. त्यामुळे विद्याधर फक्त विषम प्रश्न सोडवायचा आणि सम प्रश्न फारच सोपे असल्यासारखा चेहरा करून ओलांडायचा. तिसऱ्या दिवशी श्रुतिकाने मागची पानं फाडून स्वतःच्या कपाटात ठेवली.

नानांना सांगितलं होतं की श्रुतिकाची परीक्षा आहे आणि तिचा बाप तिला शिकवतो आहे. यात खोटं किती, याचा हिशेब आपण न केलेला बरा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं बसत. नानांच्या काठीचा आवाज आला की श्रुतिका पेन टाकून मान खाली घाली आणि विद्याधर घसा साफ करून म्हणे, "हां, तर काय सांगत होतो, एन्ट्रॉपी." नाना दारात उभे राहून कौतुकाने बघत. काठी लांब गेली की श्रुतिका दबक्या आवाजात सुरू : "बाबा, यार, चिन्ह चुकलं ना परत! वायू पसरला की काम वजा. किती वेळा सांगू?" चोवीस वर्षं रंगाच्या कंपनीत ज्याचा शब्द खाली पडला नाही त्या माणसाने स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, हे ऐकून घ्यायचं म्हणजे काही थोडंथोडकं नव्हे. एकदा तो कळवळून म्हणाला, "अगं, हळू बोल, सासरी गेल्यासारखं वाटतं." शीतलने फोडणी देता देता मान वळवली आणि म्हणाली, "बरं झालं कळलं ते."

सगळंच काही जड गेलं नाही. रिव्हर्सिबल प्रक्रिया म्हणजे इतकी संथ की ती चालू आहे हेही कळत नाही, हे त्याला पहिल्या फटक्यात समजलं. विद्यापीठाच्या खिडकीत त्याने ती डोळ्यांनी पाहिली होती. पण फेज रूलच्या आकृत्या दिसल्या की त्याला झोप यायची, आणि थर्मोडायनॅमिक्सचं एकेक गणित सुटेपर्यंत शीतलच्या पंधरा पोळ्या होत.

शेजाऱ्यांना बातमी पोचायला वेळ लागला नाही, कारण ती पोचवायला नाना होते. "आमचो विद्या घरीच शिकवता नातीक. क्लासाची गरज काय?" समोरच्या चेतनाबेन भिजवलेले बदाम घेऊन आल्या. सात बदाम, सालं काढलेले, विद्यार्थ्याने उपाशी पोटी खायचे. ते श्रुतिकाने सगळ्यांसमोर खाल्ले आणि खऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सालं आली. पहिल्या मजल्यावरचे अनिरुद्ध लेले विमा कंपनीतून निवृत्त झालेले. माणूस कधी मरेल याचे तक्ते करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पेपरात काय येईल हे काढणं त्यांना फारच किरकोळ वाटत होतं. नानांनी त्यांना श्रुतिकाचे जुने पेपर नेऊन दिले. चार दिवसांनी लेले रंगीत तक्ता घेऊन आले. "थर्मोडायनॅमिक्स, शंभर टक्के," ते म्हणाले. "इलेक्ट्रोकेमिस्ट्री गेल्याच वर्षी येऊन गेलीय. ती यंदा येणं संख्याशास्त्राला मान्य नाही."

नानांना हे पटलं नाही. लेले खाली गेल्यावर ते म्हणाले, "मेल्या माणसांचे तक्ते करणारो तो. त्येका काय कळता? देवाक इचारूया."

गावी रवळनाथाच्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. जमिनीचे वाद, लग्नं, विहिरीच्या जागा, सगळं त्या पाकळ्यांवर ठरत आलेलं. राजेश गुरव हा तिथला आताचा पुजारी. तरुण, आणि मुंबईकरांसाठी व्हिडिओ कॉलवर कौल लावणारा. सोमवारी सकाळी नानांनी अंघोळ करून, टोपी घालून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मागे सगळं घर हात जोडून.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!" राजेशने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" नानांनी मुलुंडहून साथ दिली.

"आज तुझी लेकरां मुंबैत पोटापाण्याक ऱ्हवतत. धाकू तेंडोलकराच्या नातीचो पेपर इलो हा. त्या पेपरात ह्या... नाना, नाव काय म्हणालास?"

"थर्मो... थर्मो... सांग गे चेडवा."

"थर्मोडायनॅमिक्स," श्रुतिका ओठ चावत म्हणाली.

"...ता येतला काय, त्येचो निकाल करून दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळी डावीकडची पडली. थर्मोडायनॅमिक्स येणार नाही. फेज रूल, डावा. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, उजवा. कायनेटिक्स, उजवा, तोही लगेच. पाचवा धडा क्वांटम केमिस्ट्री. त्याला पंचवीस मिनिटं झाली तरी पाकळी डावीकडची पडेना की उजवीकडची. राजेश म्हणाला, असं त्याने कधी बघितलं नव्हतं. श्रुतिका हळूच म्हणाली, "बाबा, क्वांटमपुरतं हेच बरोबर उत्तर आहे."

विद्याधर विज्ञानाचा माणूस. तसं त्याने लेल्यांना, चेतनाबेनना आणि स्वतःलाही बजावून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने थर्मोडायनॅमिक्स आणि फेज रूल उघडायचं बंद केलं. त्याची कारणं त्याच्याजवळ होती : वेळ कमी आहे, माणसाने निवड करावी लागते, देवाचं एकवेळ सोडा पण आपल्या नावडत्या धड्यांच्या विरुद्ध कुणीतरी बोललं आहे तर त्याचा मान ठेवावा. श्रुतिका चिडली. "बाबा, पाकळी पडते ती पाणी सुकतं म्हणून!" ती स्वतः लेल्यांचा तक्ता भिंतीला लावून थर्मोडायनॅमिक्स घासत बसली. दोन विद्वान, दोन धर्म आणि एक टेबल.

आणि मग तिचा पेपर झाला. विद्याधरच्या पेपराच्या बरोबर चार दिवस आधी. ती घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "वाट लागली. सगळं इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स. थर्मोचा एक प्रश्न नाही, फेज रूलचा नाही. लेलेकाकांना मी सोडणार नाही."

नाना उठून देवासमोर गेले आणि त्यांनी दिवा लावला. विद्याधर मात्र खुर्चीत बसला तो बसलाच. आधी त्याला आनंद झाला, कौल खरा ठरला म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की तो कुणाचा खरा ठरला. देवाला विचारलं होतं धाकू तेंडोलकराच्या नातीच्या पेपराचं. देवाने नातीच्या पेपराचं सांगितलं, अगदी चोख. विद्याधर तेंडोलकरच्या पेपराबद्दल देवाला कुणी अवाक्षर विचारलेलं नव्हतं. उलट देवाच्या दप्तरी तो चोवीस वर्षांपूर्वीच पास होता, नारळासकट. आणि त्याचे शंभरातल्या पन्नास मार्कांचे धडे पुस्तकात कोरे पडले होते.

भिवंडीचं गोदाम त्याला डब्यांसकट दिसू लागलं, आणि बदली कशाला झाली असं विचारणारे नाना दिसू लागले. ते दुसरं चित्र त्याला बघवेना. दुसऱ्या दिवशी कंपनीत, रंगाच्या पिंपांमागे उभा राहून, त्याने राजेश गुरवाला फोन लावला. देवाजवळ खोटं चालत नाही म्हणून त्याने सगळं खरं सांगितलं. नापास, सव्वीस, मान हलवली, सगळं. आणि म्हणाला, "राजेश, माझ्या नावाने नवा कौल लाव. आजच."

पलीकडे थोडा वेळ कोंबडी ओरडण्याचा आवाज आला.

"काका, खंय लावू? गावपळण सुरू हा."

विद्याधरने कपाळाला हात लावला. त्यांच्या गावाची ही जुनी चाल. काही वर्षांनी एकदा, देवाचा हुकूम झाला की, सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, म्हाताऱ्या माणसांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. घरांना कुलूप नाही, देवळात माणूस नाही. चार दिवस देवाचं कार्यालय पूर्ण बंद, आणि तिथे तर प्रतिज्ञापत्रसुद्धा चालत नाही.

"मग मी काय करू?"

"देव शनिवारशिवाय बोलाचो नाय," राजेश म्हणाला. "माका इचारशात तर, सगळांच वाचा. आणि काका, ह्या मी कोणाक बोलाचंय नाय. गुरवाच्या पोटात सगळो गाव आसता."

पेपर शुक्रवारी होता.

विद्याधरने उरलेले दिवस रजा टाकली. श्रुतिकाने कपाटातून उत्तरांची पानं काढून दिली आणि एक शब्दही टोचून बोलली नाही, ते त्याला जास्त लागलं. दोनशे प्रश्न त्याने पोथी वाचावी तसे सलग सोडवले. नाना विचारत, "चेडवाचो पेपर झालो, मगे आता कित्याक?" श्रुतिका सांगे, "पुढच्या सेमिस्टरचं, नाना." फेज रूलला तो अडला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, रंगात थिनर ओतलं की कधी एकजीव होतं आणि कधी तवंग वेगळा राहतो ना? तेच आहे हे." विद्याधरने आकृतीकडे पाहिलं. तवंग त्याने चोवीस वर्षं बघितला होता. त्याची रेषा काढतात, हे फक्त कुणी सांगितलं नव्हतं. त्या धड्याला त्याला पुन्हा झोप आली नाही.

केंद्र घाटकोपरच्या एका कॉलेजात होतं. वर्गात शिरताच शिपायाने खुर्ची पुढे केली, चहा दिला आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर ठेवला. 'मी परीक्षक नव्हे, परीक्षार्थी' हे सांगायला लागणारं धैर्य गोळा होईपर्यंत विद्याधरने चहा संपवला होता. खरे पर्यवेक्षक आले. ते वयाने तिशीचे. त्यांनी त्याला सर म्हणून उठवलं आणि चौथ्या बाकावर बसवलं. वर्गातली पोरं बघत होती. त्यांतल्या एकाने मागून विचारलं, "अंकल, एक्स्ट्रा पेन आहे?" अंकलकडे सहा होती.

पेपर हातात आला. पहिला प्रश्न सक्तीचा, थर्मोडायनॅमिक्स. दुसरा फेज रूल. विद्याधरने डोळे मिटले, मग उघडले, आणि वायू पसरला म्हणून काम वजा धरलं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत द्रावणाच्या विद्युतवाहकतेचं गणित होतं. ते यंत्र तो रोज सकाळी धुऊन पुसून लावत असे. उत्तर काय येणार हे त्याला आकडेमोडीआधीच कळलं, आणि आकडेमोडही निमूटपणे तिथेच येऊन थांबली. क्वांटमचा प्रश्न त्याने सोडून दिला. देवानेही सोडला होता.

निकाल फेब्रुवारीत लागला. प्रयोगशाळेत, हातमोजे घालूनच, त्याने मोबाइलवर नंबर टाकला. हातमोज्याने नंबर उमटेना. हातमोजा काढला तर नंबर चुकला. चौथ्या खेपेला पान उघडलं. फिजिकल केमिस्ट्री, पेपर दोन : त्रेचाळीस. उत्तीर्ण. पास व्हायला चाळीस लागत होते. ते तीन जादा मार्क बघून त्याला उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. त्याने स्टुलावर बसून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला. रंगाचा वास आला. तो वास आता भिवंडीला जाणार नव्हता. मॅनेजरने कागद पाहिला, फाईलला लावला आणि 'ठीक आहे' म्हणाला. एवढ्या सगळ्यासाठी दोन शब्द, पण विद्याधरला ते पुरले.

घरी शीतलने त्याच्या हातावर साखर ठेवली. श्रुतिकाने त्याला मिठीच मारली आणि म्हणाली, "झकास, बाबा! माझ्यापेक्षा दोनच कमी." तेवढ्यात खोलीतून नाना आले. "काय झाला रे? कित्याक नाचतास?"

गंमत अशी की आता भय संपलं होतं. विद्याधर खरोखरच बी.एस्सी. होता आणि नाना तर तसं समजतच होते. गप्प राहिलं की काम झालं. तो गप्प राहिला. मिनिटभर राहिला. आणि त्याला जाणवलं की आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी खिशात आहे, आणि ज्या एका माणसाला ती सांगायची त्यालाच ती सांगता येत नाही. हे काही त्याला सोसेना.

"नाना," तो म्हणाला, "मी आज पास झालो." आणि मग सगळं सांगितलं. मखर, वाळवी, टेबल, कौल. सांगताना त्याचा आवाज फाटला, आणि तो त्याने फाटू दिला.

नाना खुर्चीत बसले. शीतलने गॅस बंद केला.

"चोवीस वर्षां माका फसवलंस."

"हो."

"देवाक पण."

"हो, नाना."

"किती गावले?"

"त्रेचाळीस."

"तेवां?"

"सव्वीस."

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे सतरा वाढले," ते म्हणाले. मग उठले आणि आत गेले. खुंटीवरून शर्ट काढल्याचा आवाज आला. रागाने गावाला निघाले की काय, म्हणून तिघं दाराकडे धावली. नाना टोपी घालून बाहेर आले ते हातात पिशवी घेऊन. गेल्याच आठवड्यात जत्रेहून कुणीतरी आणून दिलेला मालवणी खाजा, गुळात घोळवलेला, दाताला कडक.

"चल," ते म्हणाले.

लेल्यांनी दार उघडलं. नानांनी त्यांच्या हातावर खाजा ठेवला. "झील पास झालो. बी.एस्सी."

"कोण? विद्याधर?" लेले चष्मा सारखा करत म्हणाले. "पण नाना, तो तर बी.एस्सी. होताच ना?"

"तेवां मीच केल्लंय त्येका, लेलेनु," नाना म्हणाले. "आता तो आपणाहून झालो."

लेल्यांना पुढे विचारायचं होतं, पण खाजा तोंडात गेलेला. नाना तोवर जिना चढून वर आले होते. त्यांनी चेतनाबेनच्या दाराची बेल वाजवली, पिशवी मुलाच्या हातात दिली आणि स्वतः एक पाऊल मागे सरले. "आता तू सांग," ते म्हणाले.

दार उघडलं. "चेतनाबेन, मी पास झालो," विद्याधर म्हणाला. आणि त्यांनी 'कशात' म्हणून विचारायच्या आत किती मार्क मिळाले तेही त्याने सांगून टाकलं.